दर अर्ध्या तासाला

चपला घालण्याआधी उलट्या करून झटका. दोन्ही. मग पाय घाला. तुम्ही ज्या गावात, ज्या सालात उतरला आहात तिथे ही सवय पहिल्याच रात्री लावून घ्यावी लागते.

साल १९७७. मे महिना, रात्रीचे साडेदहा. तालुका महाड, गाव बिरवाडी. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे. त्याचा रायगड व्हायला १९८१ उजाडावं लागेल. कोकण रेल्वे तर वीस वर्षं पुढे आहे. मुक्कामाची एसटी येऊन उभी राहिली आहे आणि ड्रायव्हर-कंडक्टर टपावर अंथरूण टाकून आडवे झालेत. वाऱ्याचा पत्ता नाही. पावसाआधीची कामं गावभर अर्धवट पडलेली दिसतात. उतरवलेली कौलं भिंतीला टेकून ठेवली आहेत, पडवीत लाकूडफाटा रचून झाला आहे, पेंढ्याच्या उडव्या झाकायच्या राहिल्या आहेत. या सगळ्या सांदीकोपऱ्यांतून, कौलांखालून, शेण्यांच्या ढिगातून, गडग्याच्या दगडांतून लाल विंचू याच दिवसांत बाहेर पडतो. तांबूस, सडपातळ, पुढचे चिमटे बारीक. काळा विंचू आकाराने मोठा आणि दिसायला भयंकर, पण त्याचं विष त्या मानाने सौम्य. माणूस मारतो तो हा बारीक चिमट्यांचा लाल. शाकारणीसाठी कौल उचलणारा हात, मोळीतलं लाकूड ओढणारी बाई, जमिनीवर गोधडीत झोपलेलं पोर, हे त्याच्या वाटेत येतात.

गावाच्या कडेला एक बैठी इमारत आहे. पुढे व्हरांडा, आत ओपीडीची खोली, बाळंतपणाचं टेबल असलेली दुसरी खोली, आणि मोजक्या खाटांचा वॉर्ड. हे प्राथमिक आरोग्य केंद्र. लोक त्याला नुसतं दवाखाना म्हणतात. इथे ‘इमर्जन्सी विभाग’ अशी पाटी कुठे शोधू नका. रात्री जे दार ठोठावलं जातं तेच दार म्हणजे तो विभाग. टेबलावर कंदील, शेजारी टॉर्च. स्टोव्हवर पाणी ठेवलं आहे, कारण सिरिंज काचेच्या आहेत आणि प्रत्येक वेळी उकळून घ्याव्या लागतात. लाकडी पेटीत पाऱ्याचं बीपीचं यंत्र आहे. पुढच्या काही तासांत या खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच ठरणार आहे.

कुत्री भुंकायला लागली की समजा, डोली आली.

बांबूला घोंगडी बांधून चौघांनी वाडीवरून खाली आणलेला मुलगा सातेक वर्षांचा आहे. ही रात्र कुणा एका घराची नाही. त्या वर्षांत या तालुक्यात अशा रात्री कित्येक घरांवर आल्या आणि त्यांच्या खुणा सारख्याच होत्या, म्हणून एकीतून सगळ्या दिसतात.

“सायेब, इचू चावलाय पोराला. लाल व्हता.” आजीने काड्यापेटी पुढे केली. आत चपलेने चिरडलेला विंचू.

“कधी चावला, आजी?”

“दिवेलागणीला.”

“मग एवढा वेळ?”

“भगताकडं व्हतो.”

भगताला दोष द्यायची घाई करू नका. बहुतेक विंचूदंश नुसते दुखतात. ठणका डोळ्यांतून पाणी काढतो, रात्रभर झोपू देत नाही, आणि मग एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. मंत्र घालणाऱ्याच्या हातून त्यामुळे खरोखरच माणसं बरी होऊन उठताना गावाने पाहिलेली असतात. त्याच्यावरचा विश्वास हा अनुभवातून आलेला आहे. फसगत होते ती उरलेल्या थोड्या रुग्णांत, आणि ते थोडे ओळखायचे कसे हे या रात्री भगतालाही माहीत नाही आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळालाही नीटसं माहीत नाही.

जवळ या. मुलाच्या तळहाताला हात लावा. मे महिन्याच्या या उकाड्यात तो हात गार आहे, माठातून काढल्यासारखा. कपाळावरून, छातीवरून घामाच्या धारा चालल्या आहेत; खालची चादर भिजून काळी पडली आहे. तोंडातून लाळ गळते आहे. वाटेत चार वेळा उलटी झाली असं बाप सांगतो. लिंग ताठर झालं आहे, आणि आजी लाजेने त्यावर पदर टाकते. आणखी एक गोष्ट पाहा, ती चटकन लक्षात येत नाही. मुलगा पायाच्या दुखण्याबद्दल बोलतच नाही. जिथे चावला ती जागा दाबली तरी तो फारसा कळवळत नाही. घरचे म्हणतात, दुखायचं थांबलंय, म्हणजे उतार पडला. या खोलीत ठणका नसणं ही वाईट खूण आहे, पण ते कळायला अजून बऱ्याच रात्री जायच्या आहेत.

डॉक्टर पंचविशी नुकतीच ओलांडलेला. तो पुस्तकात आहे ते सगळं करतो. अँटीहिस्टामिन. स्टेरॉइड. अ‍ॅट्रोपिन. सलाइन. त्या काळी विंचवाचं विष म्हणजे काहीतरी अ‍ॅलर्जीसारखं, नाहीतर सापाच्या विषासारखं अंगाला ‘चढणारं’, असाच समज होता आणि औषधंही त्या समजातून आलेली होती. तुम्हाला मात्र पुढचं माहीत आहे. ब्लडप्रेशरसाठी दिली जाणारी एक साधी गोळी, तिचा पाव तुकडा, पाण्यात विरघळवून. ओठावर आलेलं नाव तुम्हाला इथे उच्चारता येत नाही. आणि उच्चारून तरी काय होणार? कशासाठी, केव्हा, किती, कुणाला नाही, हे सगळं ज्ञान अजून तयारच व्हायचं आहे. ते याच खोलीतून तयार होणार आहे.

मध्यरात्र उलटते. मुलाला खोकला सुरू होतो. श्वास उथळ आणि भराभर. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतो. दोन्ही फुप्फुसांत पाणी भरल्याचा आवाज. हृदयाच्या ठोक्यांत घोड्याच्या टापांची लय. मग ओठांच्या कडेला फेस येतो, पांढरा नव्हे, गुलाबी. मुंबई पावणेदोनशे किलोमीटरवर, पुणं घाटापलीकडे, गाडी नाही. गाडी असती तरी हा प्रवास या मुलाला पेलला नसता. पहाटे चारच्या सुमारास तो जातो. आजी मोठ्याने रडत नाही. ती डॉक्टरलाच विचारते, “दुखत नव्हतं ना रे त्याला?”

डॉक्टर घरी जात नाही. तो टेबलाशी बसतो आणि केसपेपरवर वेळा लिहून काढतो. किती वाजता चावला, किती वाजता पहिली उलटी, घाम कधी, हातपाय गार कधी, बीपी किती, नाडी किती, पुन्हा बीपी किती.

त्या लिहिण्याजवळ मी तुम्हाला थोडा वेळ थांबवणार आहे, कारण माझ्या मते या गोष्टीतला खरा बदल तिथे झाला.

१९७६ साली बिरवाडीच्या केंद्रात रुजू झालेला हा डॉक्टर म्हणजे हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, घरची परिस्थिती बेताची, नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेले. त्यांच्या आयुष्याची गोष्ट ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या त्यांच्या आत्मचरित्रात आहे. कोकणातल्या विंचवाकडे पाहणारे ते पहिले नव्हेत. विंचू चावल्यावर फुप्फुसात पाणी होतं, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहून ठेवलं होतं. म्हणजे मरण कसं येतं हे छापून आलेलं होतं. ते कोणत्या वाटेने येतं आणि वाटेत कुठे अडवता येईल, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यासाठी रुग्णाच्या खाटेशी बसून, त्याला कुठेही न पाठवता, दर थोड्या वेळाने मोजमाप घेत रात्र काढणारा माणूस हवा होता. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात हे होणं अवघड होतं. तिथपर्यंत रुग्ण पोचायचा तो शेवटच्या अवस्थेत. दंशानंतरचे पहिले चार-सहा तास तिथल्या कुणी पाहिलेलेच नसायचे. ते तास फक्त अशा बैठ्या इमारतींत दिसत होते.

आता आणखी एका रात्री या. तीच खोली, दुसरा रुग्ण. पंचवीस-तिशीचा शेतकरी, हाताच्या बोटाला दंश. तुम्हाला एक काम दिलं आहे. डॉक्टर पट्टा बांधतो, फुगा दाबतो, आणि तुम्ही टॉर्च पाऱ्यावर धरायची. पारा चढतो. एकशे चाळीस, एकशे साठ, एकशे ऐंशी. अर्ध्या तासाने पुन्हा. आणखी वर. माणूस तर गारठलेला आहे, घामाने निथळतो आहे, पाहणाऱ्याला वाटावं की याचा रक्तदाब पार खाली गेला असणार. विषाने माणूस ‘शॉक’मध्ये जातो असंच सगळे धरून चालतात. आणि इथे पारा उलटच सांगतो आहे. दर अर्ध्या तासाला तेच सांगतो आहे. पुढे, काही तासांनी, फुप्फुसं भरायला लागतात. आणि त्याही पुढे, हृदय थकल्यावर, पारा खाली येतो. इतर ठिकाणी रुग्ण नेमका या शेवटच्या टप्प्यावर पोचत होता, म्हणून सगळ्यांना फक्त पडलेलं बीपीच दिसत होतं.

विष करतं ते असं. त्यातलं द्रव्य मज्जातंतूंमधली सोडियमची बारीक दारं उघडी ठेवतं, ती मिटू देत नाही. मज्जातंतू थांबेनात, त्यामुळे शरीरातली अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची रसायनं पुराच्या लोंढ्याने रक्तात येतात. ती जाऊन रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा नावाच्या ग्राहक जागांना चिकटतात आणि वाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते म्हणून. हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलत राहावं लागतं. ते ढकलून ढकलून दमतं, डावी बाजू रिकामी होईना, आणि मागे तुंबलेल्या रक्तातलं पाणी फुप्फुसात झिरपतं. उलटी, घाम, लाळ, लिंगाची ताठरता, गार हातपाय ही सगळी याच वादळाची सुरुवात. ही लक्षणं पहिल्या काही तासांत दिसली तर पुढे हृदय अडचणीत येणार, हे बावस्करांनी मांडलं आणि १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आजीने लाजेने पदराखाली झाकलेली खूण जगातल्या एका मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात निदानाची खूण म्हणून नोंदली गेली.

या समजुतीने जुन्या औषधांचाही हिशेब लागला. अ‍ॅट्रोपिन आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवतं. अँटीहिस्टामिनचा या वादळाशी संबंधच नाही. स्टेरॉइडने उपयोग होत नाही, उलट त्या रसायनांचा हृदयाच्या स्नायूवरचा मारा वाढण्याची भीती. सलाइनच्या बाटल्या जपून द्यायला हव्यात. भरलेल्या फुप्फुसाच्या रुग्णाला नुसतं सलाइन चढवत राहणं म्हणजे पाण्यात पाणी ओतणं.

आता सात वर्षं ओलांडा. १९८४. मधल्या काळात बावस्कर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एम.डी. करून आले आहेत. पुण्या-मुंबईत थांबता आलं असतं. ते परत याच तालुक्यांत आले, महाडला आणि पोलादपूरला. सोबत पत्नी, डॉ. प्रमोदिनी बावस्कर. पुढचं बरंचसं काम दोघांच्या नावावर आहे आणि ते तसंच लक्षात ठेवायला हवं.

पोलादपूर म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावरचं, कशेडी घाटाच्या अलीकडचं गाव; इथूनच महाबळेश्वरकडे आंबेनळीचा घाट चढतो. छोट्या रुग्णालयातल्या खाटेवर एक मूल आहे, फुप्फुसं भरलेली. सलाइनच्या स्टँडवर काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली टांगली आहे. आत सोडियम नायट्रोप्रुसाइड, उजेडाने बिघडणारं, आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणारं. थेंब जरा जास्त गेले तर बीपी कोसळेल, कमी गेले तर उपयोग नाही. मोठ्या इस्पितळात असं औषध अतिदक्षता विभागात, यंत्रं लावून देतात. इथे यंत्र म्हणजे पाऱ्याचा तोच खांब आणि थेंब मोजणारे डोळे. तुम्हीही मोजा. नळीतल्या कुपीत पडणारा एकेक थेंब, घड्याळाचा काटा, मग बीपी, मग पुन्हा थेंब. तासाभराने श्वासाची घरघर कमी होते. फेस थांबतो. हे औषध काम करतं, म्हणजे रोगाबद्दलचा तर्क बरोबर आहे.

पण औषध बरोबर असून भागत नव्हतं. हे दुसऱ्या कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, एकट्या डॉक्टरला, कंदिलाच्या उजेडात देता येणार आहे का? बावस्करांनी हा प्रश्न धरून ठेवला, आणि मला त्यांच्या कामातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. संशोधनाचा शेवट त्यांनी आपल्या खाटेपाशी धरला नाही. तो त्यांनी पलीकडच्या तालुक्यातल्या, तोवर न भेटलेल्या मेडिकल ऑफिसरच्या खाटेपाशी धरला. उत्तर मिळालं ते प्राझोसिनमध्ये. रक्तदाबासाठी बाजारात असलेली स्वस्त गोळी, नेमकी अल्फा जागाच अडवणारी. फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही. मुलाला पाव मिलिग्रॅम, मोठ्याला अर्धा. दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. उलट्या थांबत नसतील तर नाकातून नळी घालून. १९८६ मध्ये दोघांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला.

त्या साली तुम्ही पुन्हा एका खाटेशी उभे आहात. मुलीला पहिला डोस देऊन तास झाला आहे. आई तिला उचलून मांडीवर घ्यायला वाकते.

“बाई, उचलू नका! झोपवूनच ठेवा तिला.”

आईचे हात तसेच थबकतात. डॉक्टर समजावतात. या गोळीचा पहिला डोस पोटात असताना रुग्णाला एकदम उठवलं, उभं केलं, तर रक्त पायांकडे जातं, बीपी एकदम खाली येतं, भोवळ येते. म्हणून जवळ बसा, हात धरा, बोला, पण मांडीवर घेऊ नका. रडणाऱ्या लेकराला उचलायचं नाही हे आईला सांगणं सोपं नाही, आणि त्या तासाभरात डॉक्टर दोनदा येऊन पाहून जातात ते औषधापेक्षा त्या आईसाठी. तुम्ही मुलीच्या पावलाला हात लावा. मघाशी गार होतं. आता कोमट. आणखी दोन तासांनी गरम. आणि मग, पहाटेच्या सुमारास, ती किंचाळते. पाय दुखतोय! जिथे विंचू चावला होता तिथे ठणका सुरू झाला आहे, जो रात्रभर नव्हता. आई घाबरते. डॉक्टरच्या चेहऱ्यावर मात्र रात्रभरात पहिल्यांदा सैलपणा दिसतो. दुखणं परत आलं, म्हणजे मूल परत आलं. आता ठणक्यावर औषध देता येईल; चावलेल्या जागेभोवती बधिर करण्याचं इंजेक्शन, बर्फाचा शेक. त्यासाठी घाई नाही.

प्राझोसिनआधी ज्यांना असं गंभीर विष चढायचं त्यांच्यात शंभरातले तीसेक दगावत. प्राझोसिननंतर, रुग्ण वेळेत आला तर, हा आकडा एकावर आला. एवढा उतार एखाद्या रोगात पाहायला मिळाला की आपण त्यामागे मोठी प्रयोगशाळा, मोठी मोहीम, मोठी रक्कम शोधतो. इथे मागे होते केसपेपर.

पुढची वर्षं झरझर ओलांडू. मुंबईच्या हाफकिनने विंचवाच्या विषावरची प्रतिलस केली. ती प्राझोसिनसोबत दिली तर जास्त फायदा होतो का, हेही महाडलाच तपासलं गेलं. सत्तर रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते दुसऱ्या गटातले ३२, पहिल्यातले ८. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ मध्ये हे छापलं. २०२२ साली हिम्मतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. तोवर इकडे रेल्वे आली होती, रस्ता चौपदरी व्हायला लागला होता, आणि २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळायला लागली होती. डोली काही वाड्यांवर अजूनही आहे. रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत.

आता आजच्या रात्री या. मे महिनाच आहे. घाटाखालच्या अशाच एका तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय. सरकारी मापाने तीस खाटा. फाटकातून आत आलात की डावीकडे अपघात कक्ष: दोन खाटा, डोक्यावर ट्यूबलाइट, भिंतीला ऑक्सिजनची नळी, ट्रॉलीवर मॉनिटर. कोपऱ्यातल्या फ्रीजमध्ये सर्पदंशाच्या प्रतिलसीच्या कुप्या. भिंतीवर विंचूदंशाच्या उपचाराचा तक्ता चिकटवला आहे आणि त्यात पहिल्याच ओळींत प्राझोसिन आहे.

रात्रपाळीला डॉक्टर एकच. बाँडवर आलेली मुलगी, एमबीबीएस होऊन वर्षही झालेलं नाही. सिस्टर दोन; त्यातली एक वर बाळंतपणात अडकली आहे. पहिल्या खाटेवर मोटारसायकलवरून पडलेला तरुण, हनुवटीला सहा टाके. बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ दम्याची वाफ घेत बसलेत. दुसऱ्या खाटेवर आठेक वर्षांची मुलगी, लग्नघरी मांडवाचे बांबू उचलताना विंचू चावलेली. बापाने तिला दुचाकीवर मध्ये बसवून आणली, मागे चुलता धरून. वीस मिनिटांत. भगताकडे न जाता. हे वीस मिनिटांत येणं कोणत्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं. चाळीस वर्षांत या भागातल्या घराघरांत ‘इंचू चावला तर आधी दवाखाना’ हे पोचवावं लागलं तेव्हा ते झालं, आणि ते पोचवलं बऱ्या होऊन घरी गेलेल्या पोरांनी.

डॉक्टर मुलीचे हात बघते, पाय बघते. गार. घाम. दोन उलट्या. ती सिस्टरला गोळीचा डोस सांगते, मॉनिटर लावते, आणि मग जिथे तुमचं लक्ष जावं असं मला वाटतं ती गोष्ट करते. स्टूल ओढून बसते. मॉनिटरवर आकडा दिसत असतानाही मुलीचं पाऊल तळहातात धरून ठेवते.

तिला हे सोपं नाही. फोन हाताशी आहे, रुग्णवाहिका फाटकाशी आहे, जिल्ह्याचं रुग्णालय दोन तासांवर आहे. कागदावर ‘पुढील उपचारासाठी रेफर’ असं लिहून ती मोकळी होऊ शकते, आणि तिला कुणी काही म्हणणार नाही. कधी कधी तेच योग्य असतं. डोक्याला मार लागलेल्याला इथे ठेवून चालत नाही. पण ज्या आजाराचा उपचार नेमका याच खोलीसाठी शोधला गेला, त्याचाही रुग्ण घाटातून रात्री दोन तास हलवत न्यायचा, हे मला बघवत नाही. आणि त्याचा दोष मी अशा एकट्या मुलीवर टाकणार नाही. रात्रीला दुसरा डॉक्टर दिलेला नाही. फिजिशियनची जागा भरलेली नाही. एखाद्या महिन्यात गोळ्या संपतात आणि मागणीपत्र फिरत राहतं. रुग्णाशेजारी बसायला माणूसच ठेवायचा नाही आणि वर ‘इथे कुणी थांबत नाही’ म्हणायचं, हा अन्याय आहे. रुग्णावर आणि डॉक्टरवर दोघांवर.

आज ती थांबते. पहिल्या तासात बीपी वरच. दुसऱ्या डोसनंतर हळूहळू खाली. मध्ये ती टाक्यांची पट्टी बघून येते, दम्याच्या आजोबांचा ऑक्सिजन बघून येते, एका तापाच्या बाळाला औषध लिहून देते, आणि पुन्हा येऊन स्टुलावर बसते. पावणेतीनला मुलगी रडायला लागते. बोट दुखतंय म्हणते.

बाप लगबगीने पुढे येतो. “मॅडम, दुखायला लागलं परत. चढतंय की काय?”

“नाही, काका. चांगलंय. दुखतंय म्हणजे विष उतरतंय.”

“मग न्यायची का घरी? सकाळी हळद आहे आमच्यात.”

“चोवीस तास ठेवायची.”

“अहो, हिच्या आत्याचीच हळद आहे.”

“मग आत्यालाच इकडे आणा, हळद लावून.” ती हसत नाही, खरंच सांगते आहे. “पण हिला आत्ता उठवायचं नाही. पाणी हवं तर आडवं ठेवूनच, चमच्याने. आणि पाय गार लागले तर मला लगेच हाक मारा, सिस्टरला शोधत बसू नका.”

बाप मान डोलावतो आणि मुलीच्या पायाशी जाऊन बसतो, दोन्ही पावलं हातांत धरून. फाटकाबाहेर सायरन थांबतो. घाटात जीप उलटली आहे, तिघे आहेत. डॉक्टर हातमोजे चढवत निघाली. तुम्ही दारात उभे आहात. बाजूला व्हा, स्ट्रेचर आत येऊ द्या.